टीडीएस म्हणजे नक्की काय? कामाच्या इंग्रजीचे धडे आणि त्यामागची गोष्ट

मिरजेत नर्सिंगच्या मुलींना टीडीएस म्हणजे काय विचारलं तर लगेच सांगतात, गोळी दिवसातून तीनदा. तेच सांगलीत कॉमर्सच्या वर्गात विचारा, पोरं म्हणतात टॅक्स कापून घेतात तो. अक्षरं तीच तीन, आणि दोन्ही वर्गांत इंग्रजीचं पुस्तकही एकाच साच्यातलं, सेल्फ इंट्रोडक्शन, बायोडेटा, ग्रुप डिस्कशन. आम्ही तीन-चार शिक्षक आता नर्सिंगसाठी वेगळे धडे करायला बसलोय म्हणून म्हटलं आधी हे सगळं आलं कुठून ते लिहून काढावं.

ज्याला त्याला त्याच्या कामाला लागेल ती इंग्रजी शिकवायची, याला नाव आहे इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस, थोडक्यात ईएसपी. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान आणि व्यापार दोन्हीकडं इंग्रजी वाढली आणि नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांत इंजिनियरिंगची, मेडिकलची कॉलेजं निघाली, पण शिकवायला पुस्तकं होती ती कथा-कवितांची. 1964 मध्ये हॅलिडे, मॅकिंटॉश आणि स्ट्रेव्हन्स या तिघा भाषाशास्त्रज्ञांनी लिहिलं की भारतातल्या वीजकेंद्रातल्या इंजिनियरला किंवा नायजेरियातल्या पोलीस इन्स्पेक्टरला नेमकी कुठली इंग्रजी लागते याचा अभ्यास जवळजवळ झालेलाच नाही. कोयनेची वीज सुरू झाली तो हाच काळ, त्यामुळं हे वाचताना फार लांबचं वाटत नाही. कुणाकुणाची इंग्रजी बघायला हवी याच्या त्यांच्या यादीत नर्सेसपण आहेत, म्हणजे आपण आत्ता जे करतोय ते साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

मग खरं काम केलं ते वर्गात अडलेल्या मास्तरांनी. चिलीमध्ये युअर आणि लातोरे यांनी विज्ञानाची पुस्तकं तपासून 1969 मध्ये आपला कोर्स काढला. युअर आणि ह्यूज-डेव्हिस यांनी पुढं दाखवलं की पॅसिव्ह म्हणजे कर्मणी रचना, कंडिशनल म्हणजे जर-तरची वाक्यं, जोडनामं असलं जे विज्ञानात सारखं येतं तेच शाळेच्या इंग्रजी पुस्तकांत कमी असतं. जॉन स्वेल्स लिबियात इंजिनियरिंगच्या मुलांना शिकवत होते, त्यातून त्यांचं 1971 चं वैज्ञानिक लेखनाचं पुस्तक आलं. 1973 ला तेलाचे भाव भडकले, पैसा आणि तंत्रज्ञान आखातात गेलं आणि अशा कोर्सेसची मागणी एकदम वाढली.

मला मात्र पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथं चुका दिसायला लागल्या. 1978 मध्ये जॉन मन्बी यांनी विद्यार्थ्याच्या गरजा काढायची भली मोठी प्रश्नावली केली, कुणाशी बोलणार, कुठं, कशासाठी, सगळं. त्यातून याद्या लांबलचक निघतात, पण समोरची पोरगी कशानं शिकेल हे यादीत येत नाही. 1981 मध्ये एलेन टॅरोन आणि सहकाऱ्यांनी खगोलभौतिकीचे दोनच पेपर घेऊन बघितले तर शास्त्रज्ञ स्वतः घेतलेला निर्णय सांगताना सरळ "वुई" वापरतात, म्हणजे विज्ञान म्हटलं की पॅसिव्ह घोका हे खरं नव्हे, का वापरतात ते बघायला पाहिजे. त्याच सुमारास बर्मिंगहॅमला टोनी डडली-इव्हान्स आणि टिम जॉन्स विषयाच्या प्राध्यापकाला सोबत घेऊन वर्ग घेत होते, लेक्चर रेकॉर्ड करायचं आणि पोरांना काय कळलं नाही ते तिघांनी मिळून सोडवायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. 1987 मध्ये हचिन्सन आणि वॉटर्स यांनी शिकणाऱ्यालाच मधोमध आणलं आणि 1990 ला स्वेल्सनी जॉनर म्हणजे लेखनाच्या ठरलेल्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं, ते पुढं सगळीकडं पोचलं.

आता आपल्याकडचं. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांचं हॉस्पिटल 1894 पासून आहे, सांगलीला इंजिनियरिंग कॉलेज 1947 पासून, म्हणजे कामाची इंग्रजी इथं काही नवी नाही, धडे मात्र बाहेरून येत राहिले. मध्ये मी एका वॉर्डमध्ये सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तिथं, उभा होतो. जतकडची मुलगी, दहावीपर्यंत मराठी मीडियम, नाईट ड्युटी संपवून सांगत होती, "बेड सिक्स, एनबीएम फ्रॉम मिडनाईट, युरिन आउटपुट लेस." एनबीएम म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. सिस्टरनी विचारलं, "हाऊ मच? सिन्स व्हेन?" आणि ती थांबलीच. मराठीत विचारल्यावर भडाभडा बोलली, पहाटे चारपासून दीडशेच एमएल झालंय, डॉक्टरांना फोन केलाय. तिच्याकडं माहिती पक्की होती, अवघड मेडिकल शब्दही होते. सिन्स आणि फॉरच्या रिकाम्या जागा तिनं शाळेत कितीतरी भरल्या असतील, पण पेशंटचे तास मोजायला कुणी ते वापरून घेतलंच नव्हतं.

म्हणून आमचा पहिला धडा सेल्फ इंट्रोडक्शनचा नाही, इनटेक-आउटपुट चार्टचा आहे, म्हणजे पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं त्याची नोंद. पेशंटची नावं काढलेला चार्ट, वरती वेळा, खाली आकडे, आणि मुलीनं तो बघून दोन मिनिटांत हँडओव्हर द्यायचा. एसओएस म्हणजे गरज पडली तरच द्यायचं औषध, ते दुसऱ्या धड्यात. वॉर्डमधल्या एक सिनियर सिस्टर शनिवारी वर्गात येऊन बसायला तयार झाल्यात, इंग्रजी आम्ही बघणार आणि सांगितलेलं वॉर्डात चालेल का ते त्या बघणार.