सेवा केंद्रातला संगणक का अडतो?

खरीप पीकविम्याची मुदत जुलैअखेर संपत आली की यवतमाळ-वाशीमकडच्या आपले सरकार सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकच कारण ऐकायला मिळते: सर्व्हर डाऊन आहे. पुष्कळदा ते खरेही असते. मात्र केंद्रचालकाच्या टेबलावरचा संगणकच अडून बसणे ही वेगळी आणि बरीच जुनी तक्रार आहे. तिचे मूळ शोधायचे तर विंडोज या कार्यप्रणालीच्या घडणीत शिरावे लागते, कारण अखंड वीज, भरपूर इंटरनेट आणि नवे यंत्र ही जी परिस्थिती तिच्या कर्त्यांनी गृहीत धरली, ती विदर्भातल्या गावांच्या वाट्याला क्वचितच आली.

तालुक्याच्या ठिकाणी संगणकवर्ग निघू लागले आणि 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाल्यावर एमएस-सीआयटीचे लोण पसरले, तेव्हा बहुतेक यंत्रांवर विंडोज 98 होती. ती आणि तिच्याआधीची विंडोज 95 या दोन्ही डॉस या जुन्या, आज्ञा टंकून चालवायच्या प्रणालीचा वारसा सांभाळत उभ्या होत्या. जुने प्रोग्रॅम चालावेत आणि चार एमबी मेमरीतही काम भागावे यासाठी 95 मध्ये ज्या तडजोडी केल्या गेल्या, त्यांमुळे मेमरीचे काही महत्त्वाचे भाग सर्व प्रोग्रॅमना खुले राहिले आणि एकाच्या चुकीने सगळे यंत्र कोसळू शकत असे. एप्रिल 1998 मध्ये बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज 98 चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडताच पडदा निळा पडला, म्हणजे यंत्र कोसळले होते. ही प्रणाली 49.7 दिवस सलग चालू राहिली की मिलिसेकंद मोजणारा तिचा 32 बिटांचा गणक भरून जाई आणि ती ठप्प होई. बारा-बारा तासांच्या भारनियमनात आपल्याकडे हा दोष कुणाच्या अनुभवाला येणे शक्यच नव्हते.

अनुभवाला आला तो दुसरा दोष. त्या काळची फॅट ही फाईलव्यवस्था कोणती फाईल डिस्कच्या कोणत्या तुकड्यांत आहे याची नोंद एका तक्त्यात ठेवत असे. मजकूर लिहिला गेला पण तक्त्यात नोंद होण्याआधी लाईट गेली, तर ते तुकडे बेवारस होत. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना स्कॅनडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी सरकवत बसे आणि सापडलेले अवशेष सीएचके शेपटाच्या फायलींत टाकून देई, ज्यांतून टंकलेला अर्ज परत मिळवणे बहुधा कुणाला जमत नसे. चंद्रपूर आणि कोराडीची औष्णिक केंद्रे ज्या प्रदेशात आहेत, तिथेच विजेअभावी फायली गमावल्या जाव्यात, ही विसंगती त्या काळी कुणाला फारशी नवलाची वाटत नव्हती.

ऑक्टोबर 2001 मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने यातले पुष्कळसे बदलले. 1993 पासून कार्यालयांसाठी विकसित होत आलेला एनटी या विंडोजच्या वेगळ्या शाखेचा पाया तिच्यामुळे घरगुती संगणकाला मिळाला. एनटीएफएस या फाईलव्यवस्थेत बदलांची नोंदवही आधी लिहिली जात असल्याने लाईट गेल्यावर डिस्कची घडी शाबूत राहू लागली, मात्र न साठवलेला मजकूर जायचा तो जातच राहिला. प्रिंटर, स्कॅनर यांना चालवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, अजूनही पुष्कळदा प्रणालीच्या गाभ्यात शिरून चालत आणि निळा पडदा बहुतांशी त्यांच्यामुळेच येई. शिवाय गावोगावी ‘विंडो मारून’ मिळे ती बहुधा विनापरवाना प्रत. ती उघडकीला येईल या भीतीने अपडेट बंद ठेवले जात आणि पेनड्राइव्हमधून आलेले व्हायरस मोकाट फिरत. माझ्या मते खेड्यातल्या संगणकांचे सर्वाधिक नुकसान विजेने नव्हे, या सवयीने केले. मे 2017 मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच आलेले होते.

2015 च्या विंडोज 10 ने अपडेट बंद ठेवण्याचा पर्यायच सामान्य ग्राहकाच्या हातून काढून घेतला आणि तक्रारीचे रूप पालटले. निळा पडदा विरळ झाला. त्याची जागा अपडेटच्या टक्क्यांनी घेतली. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या केंद्रात तो हॉटस्पॉट ‘मीटर्ड’, म्हणजे मोजका डेटा असलेला, म्हणून नोंदवलेला नसेल, तर प्रणाली त्याला साधे वाय-फाय समजते आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा अपडेटमध्येच संपून जातो. ते बसवत असताना लाईट गेली की नंतर ‘बदल पूर्ववत करत आहे’ हे पाहत बसावे लागते. अपडेट घेतल्यावर बोटांच्या ठशांचे यंत्र ओळखलेच जात नाही, हाही नेहमीचा ताप आहे. ऑक्टोबर 2018 च्या मोठ्या अपडेटमध्ये तर काही वापरकर्त्यांच्या फायलीच पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले. 2019 पासून अपडेट 35 दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याची सोय झाली आहे, म्हणजे जूनच्या अगदी अखेरीस ते थांबवले तर विम्याची मुदत निभावून नेता येते.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला नियमित सुरक्षा अपडेट मिळणे बंद झाले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे नागपूरहून वापरलेली यंत्रे आणून उभारलेल्या अनेक केंद्रांना चालता संगणक बदलावा लागेल किंवा धोका पत्करून जुन्या प्रणालीवर राहावे लागेल. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणलेली, लिनक्स या मुक्त प्रणालीवर आधारलेली बॉस ही प्रणाली कमी ताकदीच्या यंत्रांना परवडणारी आहे. परंतु ठशांच्या यंत्रांसोबत मिळणारी सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोज आणि अँड्रॉइडसाठी लिहिलेली असल्याने केवळ स्वतःच्या इच्छेने तिकडे वळणे केंद्रचालकाला कठीण आहे.