सावजाच्या माथ्यावर ड्रोन : अमेरिकेतील सार्वजनिक जमिनींवरच्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबरात कोलोरॅडोच्या डोंगरांत धनुष्यबाणाने एल्क हरणांची शिकार करण्याचा हंगाम असतो. माजावर आलेले नर शीळ घातल्यासारखे ओरडत असतात. शिकारी पहाटेच्या अंधारात, वारा तोंडावर घेत, पाय न वाजवता चढण चढतो. दोन-तीन दिवस माग काढून हेरलेला कळप पलीकडच्या उतारावर दिसू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी माथ्यावर मोहोळ उठल्यासारखी भुणभुण सुरू होते. कळप माना वर करतो आणि झाडीत नाहीसा होतो. हा ड्रोन दुसऱ्या शिकाऱ्याचा असेल, हौशी छायाचित्रकाराचा असेल किंवा शिकारीला विरोध करणाऱ्या कार्यकर्त्याचाही असेल. तो कोणाचा आणि कशासाठी उडवला आहे, यावर कोणता कायदा लागू होईल हे ठरते. ही गुंतागुंत ड्रोनच्या आधीपासूनची आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार इतिहासजमा झाली, त्यामुळे मराठी वाचकाला हा वाद परका वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत मात्र वन्य प्राणी ही लोकांची सामाईक मालमत्ता असून राज्य सरकार तिचे विश्वस्त आहे, असे मानले जाते. शिवाय संघीय (म्हणजे केंद्र) सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडील सुमारे २४.५ कोटी एकर आणि वनसेवेकडील सुमारे १९.३ कोटी एकर जमिनीपैकी बहुतेक भागात परवानाधारक सामान्य माणूस शिकार करू शकतो. स्वतःची जमीन नसलेल्या शिकाऱ्याचा हा मोठा आधार आहे. जमीन सामाईक असल्यामुळेच तिथे कोणी कोणत्या साधनाने इतरांवर कुरघोडी करावी, हा प्रश्न इतका टोकदार होतो.

थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब स्थापन केला, तेव्हा बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार कत्तलीने अमेरिकी रानगवे (बायसन) जवळजवळ संपले होते. सावजाला निसटण्याची खरी संधी मिळालीच पाहिजे, ही न्याय्य पाठलागाची कल्पना त्या काळात रुजली. पुढे विमाने स्वस्त झाली आणि आकाशातून सावज हेरून जवळच उतरायचे, किंवा थेट विमानातूनच गोळी घालायची, हा प्रकार सुरू झाला. वायोमिंगमधील मेंढीपालकांसाठी हेलिकॉप्टरमधून शेकडो गरुड मारले गेल्याची साक्ष १९७१ मध्ये एका वैमानिकाने सिनेटच्या उपसमितीपुढे दिली, तेव्हा देशभर संताप उसळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विमानातून शिकार करण्यास बंदी घालणारा संघीय कायदा झाला.

या कायद्याची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. हवेत उडण्यासाठी वापरले जाणारे कोणतेही साधन म्हणजे विमान, अशी त्यात व्याख्या आहे. त्यामुळे चाळीस वर्षांनी आलेला ड्रोनही तिच्यात सहज बसला. प्राण्यांचा छळ म्हणजे काय हे सांगताना त्याच्या अंमलबजावणीच्या नियमांत त्रास देणे, पाठलाग करणे, हाकणे, एकत्र गोळा करणे अशा क्रियापदांची रांगच लावली आहे. आपल्या जुन्या शिकारीतला ‘हाका’ आकाशातून घातला तर तो गुन्हा ठरेल, असा त्याचा अर्थ. मात्र उंचावरून नुसते पाहिले, कळपाला धक्का लावला नाही आणि ठावठिकाणा खाली कळवला, तर काय? इथे हा कायदा मोघम राहतो. ही फट राज्यांनी आपापल्या परीने बुजवली. अलास्कात विमानातून उतरलेल्या माणसाला बहुतेक मोठ्या सावजाची शिकार दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत करता येत नाही. नियमित प्रवासी विमानांना त्यातून सूट आहे.

२०१३ च्या जानेवारीत डीजेआय कंपनीचा फँटम बाजारात आला आणि सातशे डॉलरच्या आत कोणालाही स्वतःचा ड्रोन उडवता येऊ लागला. राज्ये या वेळी तुलनेने लवकर जागी झाली. बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स या शिकाऱ्यांच्याच संघटनेने बंदीसाठी जोर लावला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. जानेवारी २०१४ मध्ये कोलोरॅडोने आणि मार्चमध्ये अलास्काने शिकारीसाठी ड्रोनने टेहळणी करण्यास मनाई केली. ड्रोनच्या मदतीने मारलेल्या प्राण्यांची नोंद आपल्या विक्रमवहीत घेणार नाही, असे बून अँड क्रॉकेट क्लबनेही जाहीर केले. आता उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी नवा पेच उभा केला आहे. जखमी होऊन पळालेले हरीण रात्री ड्रोनने शोधून देण्याचा व्यवसाय काही राज्यांत चालतो. मिशिगनने त्याला मनाई केली, तेव्हा हरणाचा ठावठिकाणा सांगणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असा दावा २०२३ मध्ये संघीय न्यायालयात दाखल झाला. तो फेटाळला गेला. मेलेले हरीण शोधणाऱ्या कॅमेऱ्याला जिवंत हरीणही तितकेच स्पष्ट दिसते, ही त्यातली खरी अडचण आहे.

दुसरा धागा शिकाऱ्यांवर पाळत ठेवण्याचा. पेटा या प्राणिहक्क संघटनेने २०१३ मध्ये शिकाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी ड्रोन विक्रीला काढले, आणि त्याच वर्षी इलिनॉयने शिकारीत अडथळा आणण्यासाठी ड्रोन वापरणे गुन्हा ठरवले. कायदेशीर शिकारीत मुद्दाम व्यत्यय आणण्याविरुद्ध सर्व राज्यांत आधीपासून तरतुदी होत्या, तर संघीय जमिनींसाठी १९९४ पासून स्वतंत्र कायदा होता; पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो, आणि डोंगराआड बसलेल्या अनोळखी चालकाचा हेतू कसा सिद्ध करणार?

त्यात जमीन एकाची आणि आकाश दुसऱ्याचे. राष्ट्रीय उद्यानांनी जून २०१४ मध्ये ड्रोनबंदी लागू केली, पण बहुतेक उद्यानांत शिकारच चालत नाही. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या निबिड रानांत ड्रोन उडवता किंवा उतरवता येत नाही. भूव्यवस्थापन विभागाच्या मोकळ्या माळांवर मात्र एरवी हौसेने उडवायला हरकत नसते, आणि शिकाऱ्याची ड्रोनशी गाठ पडते ती बहुधा अशाच जागी. हवेतल्या यंत्रावर अधिकार संघीय विमान प्रशासनाचा असतो. चारशे फुटांची मर्यादा आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवण्याचे बंधन त्याचे. शिवाय ड्रोन संघीय कायद्यानुसार विमान ठरत असल्यामुळे चिडून त्यावर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा होतो. वेळ, जागा आणि ड्रोन कोणत्या दिशेला परतला हे टिपून राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला कळवणे, एवढेच शिकाऱ्याच्या हाती उरते.

या भांडणात प्राण्याची बाजू सहसा शेवटी येते, याचे वाईट वाटते. एप्रिल २०१४ मध्ये युटातील झायन उद्यानात ड्रोनमुळे बिगहॉर्न रानमेंढ्यांचा कळप पांगला आणि पिल्ले मोठ्यांपासून तुटली. ते निदान डोळ्यांना दिसले. मिनेसोटातील संशोधकांनी काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके नोंदवणारी उपकरणे बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडवले, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्वले बहुतेक वेळा जागची फारशी हललीही नाहीत. ठोके मात्र प्रत्येकाचे वाढले होते, आणि एका अस्वलाचे तर मिनिटाला १२३ ने. १९७१ च्या कायद्याच्या नियमांतली बहुतेक क्रियापदे बाहेरून दिसणाऱ्या हालचालींची आहेत. जागच्या जागी बसून राहिलेल्या त्या अस्वलाला झालेला त्रास मात्र बाहेरून दिसत नाही.