चित्रपटांचे जतन आणि पुनःप्रदर्शन

चित्रपटाची मूळ निगेटिव्ह, प्रिंट आणि ध्वनिपट्टी सुरक्षित ठेवणे म्हणजे जतन. खराब झालेल्या साहित्यातून चित्रपट त्याच्या मूळ रूपाच्या शक्य तितका जवळ आणणे म्हणजे पुनरुज्जीवन आणि तो पुन्हा चित्रपटगृहात लावणे म्हणजे पुनःप्रदर्शन. बोलताना या तिन्ही गोष्टी एकच धरल्या जातात आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. गाजलेला चित्रपट नव्या झळाळीने पडद्यावर आला की तो वाचला असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात त्याची एक चांगली प्रत तयार झालेली असते. मूळ रिळांचा डबा कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

आपल्याकडे जुने चित्रपट पुन्हा लागणे नवे नाही. दूरचित्रवाणी घरोघरी पोचण्यापूर्वी मॅटिनीला जुनेच चित्रपट असत आणि जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजमध्ये झिजलेल्या प्रिंटवर पडदाभर उभ्या रेघांचा पाऊस पडे. एकेक प्रिंट शेकडो खेळ चालून अक्षरशः संपून जाई. चालेनाशा प्रिंट आणि निगेटिव्ह भंगारात जात, कारण कृष्णधवल फिल्मच्या लेपात चांदी असते आणि ती काढून विकता येते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले तीसेक उरले आणि त्यांपैकीही अनेक तुकड्यातुकड्यांत आहेत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेही पाहता येत नाही. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ही गेला. मराठी माणसाला ही हानी जिव्हारी लागायला हवी, कारण या देशातल्या सिनेमाचा पाया नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई याच पट्ट्यात घातला गेला.

हानीचे मूळ फिल्मच्या घडणीतच आहे. १९५० च्या सुमारापर्यंत ३५ मि.मी. फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. नायट्रेट झटकन पेट घेते आणि जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या म्हणजे आताच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या आवारातल्या नायट्रेट कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या मूळ रिळांसह मोठा ठेवा जळाला. अनेक चित्रपट त्याआधीच सहज न पेटणाऱ्या ‘सेफ्टी’ फिल्मवर उतरवलेले असल्याने पाहण्यापुरते वाचले, पण ती मूळ रिळे परत येणार नाहीत.

नायट्रेटनंतर आलेली अॅसिटेटची सेफ्टी फिल्म सहज पेटत नाही, पण कुजते. उष्ण, दमट हवेत तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटू लागते आणि बाहेर पडणारे आम्ल कुजण्याचा वेग आणखी वाढवते. अशा रिळाचा डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास नाकात जातो. म्हणूनच या रोगाला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. फिल्म आक्रसते, काठाची छिद्रे यंत्राच्या दातांवर बसेनाशी होतात, लेप सुटतो आणि शेवटी रीळ एकसंध गोळा होऊन बसते. मुंबईसारख्या दमट शहरात वातानुकूलन नसलेल्या गोदामात वर्षानुवर्षे पडलेल्या डब्यांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. रंगीत प्रिंटचे दुखणे निराळे. तिच्यातला निळसर रंग आधी उडतो आणि चित्रपट गुलाबी-लाल पडतो. पॉलिएस्टरची फिल्म मात्र या सर्वांत टिकाऊ असून थंड, कोरड्या जागी ती काही शतके राहील असे मानले जाते.

या क्षेत्रातले आपल्याकडचे सर्वांत मोठे नाव पी. के. नायर यांचे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि नायर यांनी १९९१ पर्यंत ते अक्षरशः डबा-डबा गोळा करून उभे केले. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे आज आपल्यापुढे आहेत, याचे मोठे श्रेय त्यांचे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मधली लहानगी मंदाकिनी फाळके कृष्णाच्या रूपात पडद्यावर डोळे मिचकावते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचे एक मूल आपल्याकडे थेट पाहत असते. डबे शोधत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाची ही कमाई आहे.

फिल्म की डिजिटल हा वाद २०१० नंतर तीव्र झाला. भारतातली चित्रपटगृहे चार-पाच वर्षांत डिजिटल प्रक्षेपणाकडे वळली, फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा एकामागून एक बंद पडल्या. २०१२ मध्ये कोडॅक दिवाळखोरीत गेली आणि फूजीने चित्रीकरणाची फिल्म बनवणे थांबवण्याचा निर्णय घेतला. डिजिटलचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. ओरखडे, डाग, थरथर काढणे, फाटलेल्या फ्रेमी जुळवणे आणि उडालेला रंग परत आणणे संगणकावर जितके नीट जमते, तितके फिल्मवर कधीच जमले नव्हते. एका क्लिकवर गडचिरोलीतही तोच चित्रपट तितकाच स्वच्छ दिसतो.

साठवणुकीचा हिशेब मात्र उलटा आहे. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० फ्रेमी असतात. ४के म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या स्कॅनची एक फ्रेम ५० एमबीच्या घरात जाते, म्हणजे एका चित्रपटाला आठ टेराबाइटहून अधिक जागा लागते. ही माहिती एलटीओ या संगणकीय चुंबकीय टेपवर ठेवतात आणि नव्या पिढीचे यंत्र फार तर एक-दोन पिढ्या मागच्या टेप वाचू शकते. त्यामुळे दर काही वर्षांनी सगळे नव्या टेपवर उतरवावे लागते आणि हे काम कायमचे असते. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीने २००७ च्या अहवालात एका चित्रपटाच्या जतनाचा वार्षिक खर्च मांडला होता : फिल्मवरच्या मूळ प्रतीला १,०५९ डॉलर, ४के डिजिटल प्रतीला १२,५१४ डॉलर. त्यानंतर साठवणूक स्वस्त झाली असली तरी हे काम थांबवता येत नाही, ही मुख्य अडचण कायम आहे. फिल्म थंड खोलीत ठेवून विसरली तरी तग धरते. फाइल विसरली की गेली.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची कथा या वादात सर्वांत बोलकी आहे. १९९३ मध्ये लंडनमधल्या प्रयोगशाळेच्या आगीत तिच्या निगेटिव्ह होरपळल्या. वितळलेल्या, ठिसूळ झालेल्या त्या रिळांतून काही निघेल अशी सोय त्या वेळी नव्हती. तरीही अकादमीने ती फेकून दिली नाहीत. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या येथील कारागिरांनी फिल्मला रसायनांनी पुन्हा ओलावा दिला, वितळलेली चिकटपट्टी खरवडून काढली, छिद्रे हाताने दुरुस्त केली. या कामाला जवळजवळ हजार तास लागले. ‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून अधिक निगेटिव्ह वापरता आली, बाकी भाग इतर प्रतींतून घेतला. २०१५ मध्ये ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. जळलेल्या फिल्मनेही वीस वर्षांनी इतके परत दिले.

मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने (स्थापना २०१४) भारतात हेच काम पुढे नेले. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) त्यांनी दुरुस्त केला. चित्र पुण्याच्या संग्रहालयातल्या कॅमेरा निगेटिव्हवरून घेतले आणि ध्वनी जपून ठेवलेल्या ३५ मि.मी. प्रिंटवरून. २०२४ मध्ये कान महोत्सवानंतर तो देशभरातल्या चित्रपटगृहांत लागला आणि स्मिता पाटील यांना एका नव्या पिढीने मोठ्या पडद्यावर पाहिले. ‘शोले’चा मूळ शेवटासह जुळवलेला अवतार २०२५ मध्ये बोलोन्यात दाखवला गेला. दोन्ही वेळी आधार होता तो कुणीतरी न फेकलेल्या डब्यांचा.

दुरुस्ती कुठे थांबवावी हाही मोठा मतभेदाचा विषय आहे. फिल्मची रवाळ पोत म्हणजे दोष, असे समजून ती पुसली की चेहरे मेणासारखे दिसू लागतात. ‘मुगल-ए-आझम’ २००४ मध्ये पूर्ण रंगवून लावला तेव्हा प्रेक्षकांनी गर्दी केली, पण तो काही रंगीत भाग सोडता कृष्णधवल छायाप्रकाशासाठी रचलेला चित्रपट होता आणि रंगवलेली प्रत ही वेगळी कलाकृती मानायला हवी. मूळ जपून ठेवले असेल तर अशा प्रयोगांना हरकत घेण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय चित्रपट संग्रहालय महासंघाने २००८ मध्ये आपल्या सत्तराव्या वर्षी काढलेल्या जाहीरनाम्याचे शीर्षकच ‘फिल्म फेकू नका’ असे होते.

घरात, जुन्या थिएटरात किंवा एखाद्या निर्मात्याच्या माळ्यावर आजही डबे सापडतात. काठावर ‘सेफ्टी’ असे इंग्रजीत छापलेले नसेल तर ती नायट्रेट आहे असेच धरून चालावे. डबा आगीपासून आणि उन्हापासून दूर, हवेशीर ठिकाणी ठेवावा, चिकटलेले रीळ ओढून उलगडू नये, प्रोजेक्टरवर चढवू नये आणि पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधावा. डब्यावरची चिठ्ठी, शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला रीळ क्रमांक पुसू नये. पुष्कळदा चित्रपटाची ओळख पटते ती त्यावरूनच.