पब्लिक फील्ड की गेटर? वादाची पार्श्वभूमी

क्लास म्हणजे डेटा आणि त्यावरचा कोड एकत्र बांधणारा साचा. त्यातलं डेटा साठवणारं फील्ड बाहेरच्या कोडला सरळ वाचू-बदलू द्यायचं (पब्लिक ठेवायचं), की ते प्रायव्हेट ठेवून गेटर नावाच्या छोट्या फंक्शनमधूनच वाचू द्यायचं? हा वाद जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जन्माआधीचा आहे. पुढे बदलू शकेल असा निर्णय एकाच मॉड्यूलच्या (प्रोग्रामच्या एका स्वतंत्र भागाच्या) पोटात राहावा, बाहेरच्यांना त्याचा पत्ताही नसावा, असं डेव्हिड पारनास यांनी 1972 साली मांडलं. तत्त्व पटण्यासारखं होतं. अडचण होती ती फंक्शन कॉलच्या खर्चाची, म्हणजे दर वेळी फंक्शनमधून जाण्यात लागणाऱ्या वेळेची. 'सी विथ क्लासेस' (सी++ भाषेचं आधीचं रूप) घडवताना ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांना दिसलं, की हा खर्च टाळायला लोक डेटा सरळ पब्लिक करतात. त्यावर त्यांनी इनलाइन फंक्शन आणलं: छोट्या फंक्शनचा कोड कंपायलर कॉलच्या जागीच बसवतो.

तरी वेगाची तक्रार पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिली. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या अधिकृत सल्ल्यातही क्लासच्या आत गेटर टाळा, असं होतं. 2.3 आवृत्तीत साधे गेटर इनलाइन होऊ लागले आणि ते कारण उरलं नाही.

जावात 'गेट' (वाचणारं) आणि 'सेट' (बदलणारं) अशा फंक्शनच्या जोडीची सवय रुजवली ती जावाबीन्स या तयार घटकांच्या मानकाने. फंक्शनच्या नावावरून टूलला घटकाची प्रॉपर्टी (वाचता-बदलता येणारा गुण) ओळखता यावी, एवढाच 1996 च्या त्या संकेताचा हेतू होता. पुढे प्रत्येक प्रायव्हेट फील्डला डोळे झाकून जोडी लावली जाऊ लागली. याला पारनास यांच्या अर्थाने माहिती झाकणं म्हणत नाहीत.

उलट टोकाचं उदाहरण एडब्ल्यूटी या जावाच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीमधल्या डायमेन्शन क्लासचं. त्याचे विड्थ (रुंदी) आणि हाइट (उंची) पब्लिक. कुणीही परस्पर बदलावेत. त्यामुळे एकच ऑब्जेक्ट सगळ्यांच्या हाती देणं धोक्याचं, म्हणून आकार सांगणारं गेटसाइझ फंक्शन दर वेळी नवं ऑब्जेक्ट बनवतं. अखेर जावाच्या 1.2 आवृत्तीत कंपोनंट (पडद्यावरच्या घटकांच्या) क्लासला गेटविड्थ आणि गेटहाइट वेगळे द्यावे लागले.

माझ्या मते वेगापेक्षा मोठा प्रश्न कंपाइल झालेल्या कोडचा आहे. सी++मध्ये फील्ड वाचणाऱ्याच्या कोडमध्ये त्या फील्डचं ऑफसेटच, म्हणजे ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासूनचं अंतर, कोरलं जातं. क्लासमध्ये त्याच्या आधी एखादं फील्ड घुसवलं, की जुना प्रोग्राम भलतीच जागा वाचतो.

बर्ट्रांड मायर यांनी आपल्या आयफेल भाषेत साठवलेलं मूल्य आणि मोजून काढलेलं मूल्य वाचण्याची लेखनपद्धत एकच ठेवली. सी शार्प भाषेतल्या प्रॉपर्टी आतून गेट-सेट फंक्शनच असतात, पण त्याही वापरताना फील्डसारख्याच दिसतात. पण लायब्ररीतलं पब्लिक फील्ड नंतर प्रॉपर्टी केलं, तर सोर्समधली तीच ओळ पुन्हा कंपाइल केल्याशिवाय चालत नाही. जुना प्रोग्राम ऐन चालताना ते फील्ड शोधत कोसळतो.