दिनारिक लिंक्सचे सीमापार संवर्धन

दिनारिक पर्वतरांगा व आग्नेय आल्प्समधील युरेशियन लिंक्स या मोठ्या रानमांजराची गणना, देखरेख आणि वंशसुधारणा यांसाठी स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली आदी देशांनी संयुक्तपणे चालवलेले कार्य. भारतात ही जाती लडाखमध्ये आढळते.

शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी लिंक्स या प्रदेशातून नाहीसे झाले. १९७३ मध्ये स्लोव्हाकियातून आणलेले सहा लिंक्स स्लोव्हेनियातील कोचेव्ये भागातील जंगलात सोडण्यात आले. त्यांची संतती पुढे क्रोएशिया व बॉस्नियापर्यंत पसरली. मूळ जनावरे इतकी थोडी असल्याने आणि बाहेरून नवे रक्त मिळण्याची वाट नसल्याने पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहिले व आरंभीचे यश ओसरू लागले. एकट्या देशाने केवळ शिकारबंदी करून हा दोष दूर होण्यासारखा नव्हता. म्हणून युरोपीय संघाच्या साहाय्याने २०१७ ते २०२४ या काळात ‘लाइफ लिंक्स’ प्रकल्प राबवण्यात आला. त्यात रुमानिया व स्लोव्हाकियाच्या कार्पेथियन अरण्यांतून पकडलेले लिंक्स विलगीकरणानंतर स्लोव्हेनिया व क्रोएशियात सोडले गेले. रुमानियातून आणलेला ‘गोरू’ हा नर २०१९ मध्ये स्लोव्हेनियात मुक्त करण्यात आला. २०२१ मध्ये स्लोव्हेनियातील आल्प्समध्येही पाच लिंक्स सोडून आल्प्सच्या दिशेने दुवा जोडण्याचा प्रयत्न झाला.

गणनेतील मुख्य अडचण सीमेचीच आहे. नराचा वावर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरवर असतो, त्यामुळे एकच जनावर दोन्ही देशांच्या यादीत मोजले जाण्याचा संभव असतो. प्रत्येक लिंक्सच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असल्याने स्वयंचलित कॅमेऱ्यांची छायाचित्रे दोन्ही बाजूंनी ताडून पाहिली जातात. मात्र डाव्या व उजव्या कुशीवरील ठिपके सारखे नसल्याने एकाच बाजूचे छायाचित्र पुष्कळदा अपुरे पडते. केस व विष्ठा यांच्या जनुकीय तपासणीने ओळख पक्की करता येते. आल्प्समधील देश यासाठी पुराव्यांची तीन श्रेणींत विभागणी करतात: छायाचित्र, मृतदेह किंवा जनुकीय नमुना यांसारखा निर्विवाद पुरावा, प्रशिक्षित व्यक्तीने तपासलेला माग वा भक्ष्य, आणि पडताळणी न झालेली वार्ता. प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात स्थानिक शिकारी मंडळांचा सहभाग मोठा आहे. त्यांना दूर ठेवून हे काम चालले असते, असे वाटत नाही.

स्लोव्हेनियाने २०१५ मध्ये निर्वासितांना रोखण्यासाठी क्रोएशियाच्या सीमेवर काटेरी तारेचे कुंपण घातले, तेव्हा ते वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याच्या आड येईल अशी चिंता संशोधकांनी व्यक्त केली होती. २०२२ पासून ते काढण्यास सुरुवात झाली. बॉस्निया हा देश मात्र या लिंक्ससमूहाच्या वावराचा भाग असूनही युरोपीय संघाबाहेर आहे आणि ‘लाइफ लिंक्स’च्या भागीदार देशांत त्याचा समावेश नव्हता.