दहा अँपिअर म्हणजे नेमके किती?

बेळगावच्या उद्यमबागेत मशीनचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये गेलात, तर पारदर्शक टोपणाची छोटी रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चांदीचे पॉइंट जोडणारा-तोडणारा स्विच, हमखास दिसेल. तिच्या अंगावर दोन ओळी छापलेल्या असतात : १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी, आणि खाली १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. खरेदी बहुतेक वेळा वरच्या ओळीवर होते. खालची ओळ नीट वाचली, तर प्रश्न पडायला हवा. पॉइंट तेच, चांदी तीच, करंटही तेवढाच, मग डीसीला फक्त तीस व्होल्टच का?

पॉइंट मिटलेले असताना त्यांच्यावर फारसा ताण नसतो. खरी परीक्षा ते सुटतात तेव्हा होते. दोन पॉइंट एकमेकांपासून दूर जाऊ लागले की शेवटी टेकलेला बारीकसा ठिपका इतका तापतो की तिथली चांदी वितळते, तिची वाफ होते आणि त्या वाफेतून करंट वाहतच राहतो. हा आर्क. त्याचे तापमान हजारो अंशांत असते. आपल्याकडचा ५० सायकलचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे आर्कला विझायची संधी दर शतांश सेकंदाला मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. तिथे आर्क ताणून ताणूनच तोडावा लागतो, आणि छोट्या रिलेत पॉइंटमधले अंतर असते जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे हीच रिले ११० व्होल्ट डीसीवर धड एक अँपिअरही तोडू शकत नाही.

शेतात सोलर पंप आणि शेडच्या छतांवर सोलर पॅनेल आल्यापासून हा मुद्दा फार महत्त्वाचा झाला आहे. ओळीने जोडलेल्या पॅनेलांचा व्होल्टेज काहीशे व्होल्ट डीसी असतो. तिथे घरातल्या बोर्डावरचा एसी एमसीबी लावला, तर लोड चालू असताना तो पाडल्यावर आर्क आतच पेटत राहतो आणि डबा जळतो. डीसीसाठी बनवलेल्या स्विचमध्ये पॉइंटच्या जोड्या एकापुढे एक असतात किंवा आर्कला बाजूला खेचणारे चुंबक असतात. काही डीसी एमसीबींवर अधिक-उणे अशी खूण असते. ती उलटी जोडली तर चुंबक आर्कला भलतीकडे ढकलतो, म्हणून ती खूण पाहिल्याशिवाय वायर कसू नये.

पुढचा प्रश्न लोडचा. १० एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण १४ अँपिअर घेते. सुरू होताना मात्र काही क्षण त्याच्या सहा-सात पट, म्हणजे ८० ते १०० अँपिअर. हीटरचे तसे नसते. तो पहिल्या क्षणापासून जवळपास ठरलेलाच करंट घेतो. म्हणूनच कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोठ्या लोडसाठीच्या दणकट रिलेवर, एकाऐवजी दोन-तीन आकडे लिहिलेले असतात. एसी-१ हा हीटरसारख्या लोडसाठी, एसी-३ मोटरसाठी. अनेक कंपन्यांचा एसी-३ ला १२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर एसी-१ ला २५ अँपिअरचा असतो. डब्यावरचा मोठा आकडा पाहून तो १० एचपीच्या मोटरला लावला, तर पॉइंट लवकर खराब होणार हे ठरलेले.

एसी-३ मध्येही एक गृहीत आहे : मोटर वेगात आल्यावरच बंद केली जाईल. फाउंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, जड साचे उचलणारा होइस्ट पाहा. साचा नेमका बसवायचा म्हणून ऑपरेटर बटण टिचकी मारल्यासारखे दाबतो, सोडतो, लगेच उलटे दाबतो. मोटर वेग घेण्याआधीच करंट तोडला जातो, म्हणजे प्रत्येक वेळी सहापट करंट तोडावा लागतो. या कामाला एसी-४ हा वेगळा आकडा आहे आणि त्याच कॉन्टॅक्टरसाठी तो बराच कमी असतो. होइस्टचे पॉइंट वारंवार जळतात अशी तक्रार आली, तर कंपनी बदलण्याआधी हा आकडा तपासावा असे माझे ठाम मत आहे.

आता पंपाकडे येऊ, कारण खानापूर-बेळगाव तालुक्यांत आणि चिकोडी-निपाणीकडे मोटर जळण्याचा सगळ्यात जास्त फटका शेतकऱ्याला बसतो. थ्री फेज करंट ठराविक तासच येतो, म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो. करंट आला रे आला की एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप एकदम उठतात. सगळ्यांचा सहापट करंट एकत्र झाल्याने लाईनचा व्होल्टेज कोसळतो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची खात्री कंपनी ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ४१५ ची कॉइल सुमारे ३५० व्होल्टपर्यंत. त्याखाली ती चुंबक अर्धवट ओढते. पॉइंट मिटतात, मोटर करंट खेचते, व्होल्टेज आणखी पडतो, कॉइल सोडून देते. लोड गेल्यामुळे व्होल्टेज वर येतो आणि कॉइल पुन्हा ओढते. पेटीतून येणारा तो कडकड आवाज म्हणजे दर वेळी सुरुवातीच्या पूर्ण करंटवर पेटणारा आर्क. थोड्याच वेळात एखादी जोडी वितळून चिकटते, दुसरी जळून तुटते, आणि मोटर दोन फेजवर अडकून गुरगुरत तापत राहते.

इथे मोठा कॉन्टॅक्टर घेऊन उपयोग नाही. उपाय दोन आणि दोन्ही स्वस्त. एक, करंट आल्यावर ठरलेला वेळ थांबून मोटर सुरू करणारा ऑन-डिले टायमर. शेजाऱ्यांनी आपापसात ठरवून प्रत्येकाने वेगवेगळा वेळ लावला, तर पंप एकामागून एक उठतील. दोन, एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. मोटर थेट लाईनवर सुरू करणाऱ्या डीओएल स्टार्टरची कॉइल बहुधा दोनच फेजवर असते, त्यामुळे तिसरा फेज गेला तर तिला पत्ताच लागत नाही. जादा करंटला मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेची चकती मात्र मोटरच्या प्लेटवरील करंटलाच लावलेली हवी. सारखी ट्रिप होते म्हणून ती वर फिरवून ठेवण्याची सवय मी फार ठिकाणी पाहिली आहे. तसे केले की रिवाइंडिंगचा खर्च ठरलेला.

रिलेचे आयुष्यही दोन आकड्यांत असते. नुसती यांत्रिक उघडझाप एक कोटी वेळा किंवा त्याहून जास्त होऊ शकते, पण पूर्ण लोडवर ती साधारण लाखभर वेळाच. प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर टेंपरेचर कंट्रोलर हीटरला दर १० सेकंदांनी एकदा चालू-बंद करत असेल, तर आठ तासांच्या पाळीत २,८८० वेळा. लाखाचा हिशेब पस्तीस दिवसांत संपला. अशा कामाला सॉलिड स्टेट रिलेच हवी. तिच्यात पॉइंटच नसतात, थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. पण चालू असताना तिच्यावर एक ते दीड व्होल्ट पडतो, म्हणजे २५ अँपिअरला तीसेक वॅट. साध्या सोल्डरिंग आयर्नएवढी ही उष्णता बाहेर काढायला हीटसिंक लागतोच. शिवाय ही रिले बिघडते तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकते. त्यामुळे हीटरच्या लाईनमध्ये जादा तापमानाला तुटणारा वेगळा कॉन्टॅक्टर ठेवावा.

उलट अडचणही असते, करंट फार कमी असण्याची. पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, इनपुटला २४ व्होल्टवर पाच-सात मिलिअँपिअर पुरतात. चांदीवर हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने काळा थर चढतो. जास्त करंटचा आर्क तो जाळून टाकतो, पण एवढ्याशा करंटला तो भेदता येत नाही. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाक्यांजवळ या वायूचा वास येतोच. तिथल्या पॅनेलमध्ये सिग्नलसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या पॉइंटची रिले घ्यावी. तीच रिले एकदा मोठ्या लोडवर वापरली की मुलामा जळतो, मग ती सिग्नलला लावू नये.

धूळ आणि पावसाबद्दल थोडेच सांगतो. फाउंड्रीतली लोखंडी भुकटी कॉन्टॅक्टरच्या चुंबकाच्या तोंडावर जमते, फट राहते आणि घूंऽऽ आवाज सुरू होतो. फट राहिली की एसी कॉइल जास्त करंट घेते आणि शेवटी जळते. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात धूळ-पाणी रोखणारी आयपी ६५ ची पेटीही आतून ओली सापडते, कारण केबलसाठी वरच्या बाजूने भोक पाडलेले असते. केबल खालून, तिला घट्ट आवळणाऱ्या ग्लँडमधूनच आत घ्यावी.

इमर्जन्सी स्टॉपच्या बाबतीत मात्र काटकसर करूच नये, कारण प्रेसवर काम करणाऱ्याचा हात तिथे असतो. पिवळ्या पाठीवरच्या या लाल बटणाला नेहमी बंद असलेला, म्हणजे एनसी पॉइंट वापरतात. वायर तुटली किंवा स्क्रू सैल झाला तरी मशीन थांबते. एनओ, म्हणजे नेहमी उघडा असलेला पॉइंट लावला आणि वायर तुटली, तर ते बटण दाबूनही उपयोग नसल्याचे नेमके अपघाताच्या वेळी कळते. एनसी पॉइंटवर वर्तुळातल्या बाणाची खूण असावी. त्या रचनेत पॉइंट चिकटला तरी बटणाचा दांडा त्याला बळाने उघडतो. बटणामागे सेफ्टी रिले असेल, तर तिच्या आत दोन रिले एकापुढे एक असतात आणि प्रत्येकीचे एनओ व एनसी पॉइंट एकाच पट्टीने जखडलेले असतात. एकीचा एनओ चिकटला तर तिचा एनसी मिटूच शकत नाही. दुसरी रिले मशीन थांबवते, आणि रीसेटचा मार्ग त्या न मिटलेल्या एनसीतूनच जात असल्याने बिघडलेली रिले बदलेपर्यंत रीसेट कितीही दाबला तरी प्रेस पुन्हा सुरू होत नाही.