वस्तीतले जपानी भांड्यांचे दुकान : पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या एका निवासी वस्तीत, किराणा आणि झेरॉक्सच्या मधल्या गाळ्यात, जपानी घरगुती वस्तूंचे छोटे दुकान आहे. ठळक पाटी नाही. शेजारणी एकमेकींना सांगतात, तसे गिऱ्हाईक येते. चिनीमातीचे वाडगे, कप्प्यांचे डबे, लाकडी पळ्या मिळतात. स्टील मात्र जवळपास नाहीच.

जपानी माल आपल्याकडे पूर्वीही येत असे. १९३०च्या दशकात स्वस्त जपानी कापड हिंदुस्थानभर पसरले. १९३३ मध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावर ७५ टक्के जकात बसली, तेव्हा जपानी गिरण्यांनी इथला कापूस घेणे थांबवले. १९३४ च्या भारत-जपान करारात जपानी कापडाचा कोटा कापूसखरेदीशी जोडला गेला. पुढे युद्धात, आणि नंतर आयातीला सरकारी परवाना लागण्याच्या काळात आयात आटली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध (किती माल आणावा यावरची बंधने) उठले ते एप्रिल २००१ मध्ये.

ऑगस्ट २०११ पासून भारत-जपान आर्थिक भागीदारी करार लागू आहे. त्यात बहुतांश वस्तूंवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने घटले. पण सवलत मिळते ती जपानी मूळ सिद्ध झालेल्या मालाला. ब्रँड जपानी आणि कारखाना चीनमधला असेल, तर या कराराचा उपयोग नाही. २०२० पासून मूळ देशाची माहिती जवळ बाळगण्याची जबाबदारीही आयातदारावरच आली.

दुकानात स्टील का नाही, यामागे खरा वाद २०२४ च्या आदेशाचा आहे. मार्चमध्ये केंद्राने स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना भारतीय मानकचिन्ह (आयएसआय) सक्तीचे केले. हेतू चांगलाच होता. हलक्या पत्र्याची भांडी स्वयंपाकघरात येऊ नयेत, असे कुणालाही वाटेल. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. परदेशी मालासाठी परवाना दुकानदाराने नव्हे, उत्पादकाने घ्यायचा, तोही प्रत्येक कारखान्यासाठी वेगळा. त्यात कारखान्याची तपासणी आणि नमुन्यांची चाचणी आली, सगळा खर्च उत्पादकाचा. मोठ्या कंपनीला हे झेपते. जपानच्या निइगाता प्रांतातल्या त्सुबामे-सांजो भागात मात्र धातुकाम बऱ्याच अंशी लहान कारखान्यांत चालते. मराठवाड्यातल्या एका दुकानाच्या दोन-चार डझन भांड्यांसाठी असा कारखानदार भारतीय परवाना कशाला काढेल? निकृष्ट माल अडवायचा होता. त्यासोबत उत्तम मालही अडला. थोडक्या प्रमाणातल्या आयातीसाठी प्रयोगशाळेचा दाखला पुरेसा मानता आला असता. ती वाट ठेवायला हवी होती.

म्हणून या दुकानात माती आणि लाकडाच्या वस्तू जास्त आहेत. त्यातही वस्तू घेताना वेष्टनावरचा उत्पादन-देश वाचावा. जपानी धाटणीचा बराच माल दुसरीकडे बनतो, आणि आयात वस्तूच्या वेष्टनावर मूळ देश छापणे बंधनकारक आहे.

मागणीचे म्हणाल, तर अजिंठा-वेरूळच्या संवर्धनाला १९९०च्या दशकापासून जपानी कर्ज मिळाले, आणि जपानी पर्यटकही इथे येत आले आहेत. २०२४ मध्ये एका जपानी मोटार कंपनीने बिडकीन परिसरात कारखान्याची घोषणा केली. पण सध्या तरी या दुकानाचे गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कॉलन्यांतली मराठी कुटुंबेच, आणि सर्वांत आधी संपतात ते मुलांच्या शाळेचे डबे.